वही कोणाच्या हातात?

पगारदार माणसाला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच: क्रेडिट कार्डाचं लिमिट वाढवून हवं असेल, तर गुंतवणूकही त्याच बँकेत करा. एफडी ठेवा, म्युच्युअल फंड आमच्याकडूनच घ्या, जमलं तर एखादी विमा पॉलिसी. मला तो माझ्या बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने दिला. ‘सर, बँकेशी नातं वाढलं की लिमिट आपोआप वाढतं,’ असं त्याचं म्हणणं. मी सॉफ्टवेअरवाला. ‘आपोआप’ म्हटलं की आत नेमका कुठला नियम चालतो, हे विचारायची खोड. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला मी कार्डाच्या अटी वाचायला घेतल्या आणि वाचत वाचत १८७५ सालच्या सुप्यापर्यंत पोचलो.

मराठीत उधारीच्या व्यवहाराला दोन वेगळे शब्द आहेत: पत आणि तारण. तारण म्हणजे वस्तू. दागिना, जमीन, एफडी. पैसे बुडाले तर वस्तू सावकाराची. पत म्हणजे वस्तू नसतानाही मिळणारा विश्वास. जुन्या बाजारात ‘शहाजोग’ नावाची हुंडी असे. तिचे पैसे कोणालाही मिळत नसत. बाजारात प्रतिष्ठा असलेल्या ‘शहा’लाच मिळत. आज आपण ‘शहाजोगपणा’ हा शब्द साळसूद ढोंगासाठी वापरतो. नुसत्या प्रतिष्ठेवर पैसे मिळायला लागले की प्रतिष्ठेचं सोंगही येणारच, एवढं त्या शब्दाच्या प्रवासातून कळतं.

गावात पत ठरवायचा तो सावकार. १८६० नंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला भाव चढला. सावकारांनी सढळ हाताने पैसे दिले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यात जमिनीचा सारा वाढवला गेला. सावकाराने हात आखडता घेतला आणि जुन्या येण्यासाठी जमिनीकडे बोट दाखवलं. पत संपली, तारण उरलं. १२ मे १८७५ रोजी सुपे इथे (आजचा बारामती तालुका) शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांना मुख्यतः हवी होती ती कर्जखतं. ती हिसकावून जाळली गेली. त्या मानाने माणसांवरचे हल्ले कमी झाले. ज्याला वाचता येत नाही अशा माणसाच्या अंगठ्याखाली काय लिहिलंय, किती फेडलं आणि किती राहिलं, हे सगळं एकाच्याच वहीत होतं. आणि ती वही दुसऱ्याच्या हातात होती.

सावकार कितीही वाईट असला तरी ऋणकोला चेहऱ्याने ओळखायचा. ज्यांना कधी पाहिलंच नाही अशा हजारो लोकांना तारणाशिवाय उधारी द्यायची तर काय करायचं? हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला गेला अमेरिकेत. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात सुमारे ६०,००० कार्डं पोस्टाने घरोघर पाठवून दिली. कोणी मागितलेली नव्हती. लिमिट साधारण ३०० ते ५०० डॉलर. फ्रेस्नो निवडण्याचं एक कारण असं, की तिथल्या जवळपास ४५ टक्के कुटुंबांचा या बँकेशी आधीपासून व्यवहार होता. म्हणजे आमच्या मॅनेजरचंच तत्त्व: नातं आहे, तर विश्वास ठेवा. मग कार्ड कॅलिफोर्नियाभर नेलं. बँकेचा अंदाज होता की ४ टक्के खाती थकतील. थकली २२ टक्के. पुढे हेच कार्ड व्हिसा झालं, पण बँकांच्या धंद्याला एक धडा मिळाला. ओळख असणं वेगळं आणि परतफेड होणं वेगळं.

परतफेडीचा अंदाज बांधायचं काम त्याच सुमारास दुसरीकडे चालू होतं. बिल फेअर हा इंजिनियर आणि अर्ल आयझॅक हा गणिती, या दोघांनी १९५६ मध्ये कंपनी काढली. जुन्या कर्जदारांपैकी कोणी फेडलं, कोणी बुडवलं, याची आकडेवारी घ्यायची, प्रत्येक बाबीला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. माझ्यासारख्याला ओळखीचं वाटेल असंच काम. यात अर्जदाराचा कोट कसा आहे, बायको काय म्हणते, याला जागा नव्हती. तेव्हा तिथल्या बँका बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय कार्ड नाकारू शकत. ते बंद करणारा कायदा १९७४ मध्ये आला. म्हणून या बेरजेला मी नुसता कोरडा आकडा म्हणणार नाही. काही जणांसाठी ती सुटका होती.

भारतात सेंट्रल बँकेने १९८० मध्ये कार्ड आणलं, पण सामाईक वही आली ती सिबिलच्या रूपाने, २००० मध्ये. तिला कायद्याची चौकट मिळाली २००५ मध्ये. स्कोअर ३०० ते ९००. आणि मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: या अहवालात तुमची कर्जं आणि कार्डं असतात, त्यांची परतफेड असते. तुमची एफडी, एसआयपी, पॉलिसी यांतलं काहीही नसतं.

माझ्या आईने आयुष्यात कर्ज घेतलेलं नाही. एफडी मात्र आहेत, एकाच बँकेत, वीस वर्षं. तिने कार्डासाठी अर्ज केला तेव्हा तो नामंजूर झाला. पतीचा इतिहासच नाही, म्हणे. आई म्हणाली, ‘उधारी केली नाही ही माझी चूक का?’ मग बँकेने तोडगा सुचवला: एफडीवर कार्ड घ्या. एफडीच्या साधारण ७५ ते ९० टक्के लिमिट, आणि एफडी अडकलेली. म्हणजे तिचेच पैसे तिला उधार. याला पत म्हणत नाहीत, तारण म्हणतात. मात्र त्या कार्डाची परतफेड अहवालात नोंदली जाते, आणि तारणातून पतीकडे जायची ती एक वाट आहे.

उरलेलं अर्धं उत्तर बँकेच्या आत आहे. खात्यात पगार येतो का, शिल्लक किती राहते, हे बँकेला दिसतं आणि तिच्या अंतर्गत हिशेबात ते धरलं जाऊ शकतं. मोठी एफडी असेल तर ‘प्री-अप्रूव्हड’ निरोप येण्याला मदत होतही असेल. पण तो हक्क नव्हे. बँकेमार्फत घेतलेला म्युच्युअल फंड तर बँकेचा नसतोच. ती मधली विक्रेती, आणि तिला कमिशन मिळतं. तो फंड रीतसर गहाण ठेवला तर कर्ज मिळेल, म्हणजे पुन्हा तारणच. लिमिट वाढतं ते उत्पन्नाचा नवा पुरावा दिल्याने, बिल पूर्ण आणि वेळेवर भरल्याने, आहे ते लिमिट काठोकाठ न वापरल्याने. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार तुमच्या बाकीच्या कार्डांची लिमिटंही बँकेने विचारात घ्यायची असतात, आणि तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लिमिट वाढवायचं नसतं.

सुप्याच्या जाळपोळीनंतर आयोग बसला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांपुरता. त्यात खत सरकारी निबंधकासमोर व्हावं असं होतं. सावकाराने पैसे मिळाल्याची पावती द्यावी, वर्षाचा हिशेब द्यावा, मागितल्यास पासबुक द्यावं, असंही होतं. खतं जाळणाऱ्यांना अखेर कायद्याने दिलं ते हे: वहीत काय लिहिलंय ते बघायचा हक्क. २०१७ पासून प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मागता येतो. त्यातली चूक दाखवून दिल्यावर ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियमही आता आहे. रिलेशनशिप मॅनेजरचा पुढचा फोन येण्याआधी तो अहवाल मागवून घ्यावा. नातं किती वाढलंय ते त्यात लिहिलेलं नसतं. हप्ता कधी भरला ते लिहिलेलं असतं.