दंडघेराच्या पट्टीची कुळकथा

नवी मुंबईतलं सारसोळे गावठाण असो की मेळघाट, अंगणवाडीताईंचं दंडघेर मोजणं सारखंच. मुलाचा डावा हात कोपरात दुमडून खांद्याच्या आणि कोपराच्या टोकांमधला मध्य काढायचा, मग हात सैल सोडून तिथं तीनरंगी पट्टी गुंडाळायची. काचता कामा नये, ढिलीही नको. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की लाल, म्हणजे मूल ‘सॅम’, तीव्र कुपोषित. साडेबाराच्या आत पिवळा, म्हणजे मध्यम कुपोषित; पुढे हिरवा.

आपल्याकडे पूर्वी भूक ओळखायची ती मोठ्या माणसांवरून. 1880च्या दुष्काळ आयोगानंतर आलेल्या नियमावल्यांत अधिकाऱ्यानं धान्याचे भाव, गाव सोडून निघालेली माणसं आणि दुष्काळी कामांवरची गर्दी पाहायची असे. 1973च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. कुणी खडी फोडत होतं, कुणी बांध घालत होतं, सुकडी खाऊन दिवस काढत होतं. त्या कामांनी असंख्य जीव वाचवले. पण दीड वर्षाचं पोर हजेरीपटावर नाव लावत नाही. त्याची उपासमार तिथं दिसणार कशी?

याचं उत्तर नायजेरियातल्या बियाफ्रा युद्धात (1967-70) मिळालं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मदतपथकानं उंची मोजायच्या काठीवरच दंडघेराचे आकडे लिहिले. मुलाला काठीशी उभं करायचं. त्याच्या उंचीसमोरच्या आकड्याहून दंड बारीक भरला, की जादा आहार सुरू. वजनकाटा नको, जन्मतारीख नको. पुढे 1974 मध्ये अदनान शाकिर आणि डेव्हिड मॉर्ले या डॉक्टरांनी काठीही सोडली. वर्षापासून पाच वर्षांपर्यंत धडधाकट मुलाचा दंड फारसा जाड होत नाही, म्हणून सगळ्यांना एकच रंगीत पट्टी चालते. तेव्हा लाल रंग साडेबाराच्या आत होता. आजची साडेअकराची रेघ जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2009 मध्ये ठरवली.

2025च्या ऑगस्टमध्ये गाझात दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा याही मोजमापाचा आधार होता.

माझ्या मते मात्र पट्टीचं खरं काम पिवळ्या रंगात आहे. गेल्या महिन्यापेक्षा वस्तीत पिवळी मुलं वाढली, तर कुठंतरी रोजगार तुटलाय, चूल मंदावली आहे. मदत तेव्हाच पोचायला हवी, लाल होण्याआधी. नायजरमध्ये आयांनाच पट्टी वापरायला शिकवलं, आणि त्या नीट मोजतात असं दिसून आलं. आपल्याकडेही ती घरोघरी द्यावी. मग ताईंच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबावं लागणार नाही.