तुरुंग तपासणाऱ्याला नेमायचे कोणी?

पूर्वी खेड्यातल्या शाळेत दिपोटी येणार म्हटले की चार दिवस आधीपासून धांदल उडे. भिंती सारवायच्या, हजेरीपट नीट करायचा, हुशार पोरे पुढच्या रांगेत बसवायची. शिक्षकांना हे मी सांगायला नको. आता अशी कल्पना करा, की हा दिपोटी हेडमास्तरांच्याच हाताखालचा आहे, आणि त्याची नोकरी पुढे चालू ठेवायची की नाही तेही हेडमास्तरच ठरवणार! शेरेबुकात मग तो काय लिहील? इंग्लंडातील तुरुंगांच्या तपासणीचा इतिहास पाहिला, तर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

१७७३ साली जॉन हॉवर्ड हा गृहस्थ बेडफर्डशायर परगण्याचा शेरीफ झाला. तुरुंगात जाऊन बघतो तो काय, जेलरला पगारच नाही! तो कैद्यांकडून फी घेऊन पोट भरी, आणि कोर्टाने निर्दोष ठरवलेला माणूससुद्धा ती फी देता येईना म्हणून आत खितपत पडे. हॉवर्डने मग देशभर हिंडून तुरुंग पाहिले व १७७७ साली त्यांचे वर्णन छापले. त्याला हे काम कोणी सांगितले नव्हते, म्हणून त्याला कोणाची भीडही नव्हती.

सरकारी निरीक्षक आले ते १८३५ च्या कायद्याने. पण १८७७ साली दुसरा कायदा झाला, स्थानिक तुरुंग सरकारच्या ताब्यात गेले, आणि निरीक्षक तुरुंग चालवणाऱ्या मंडळाच्याच हाताखाली आले. पुढे जवळजवळ शंभर वर्षे खात्याने आपली तपासणी आपणच केली. आपल्याकडेही गंमत बघा. १८९४ च्या तुरुंग कायद्यात ‘इन्स्पेक्टर जनरल’ हे नाव निरीक्षकाचे, पण काम मात्र सगळ्या तुरुंगांवर हुकमत चालवण्याचे!

१९७९ साली न्यायमूर्ती मे यांच्या समितीने सांगितले, की तपासणी खात्यापासून वेगळी करा. त्याप्रमाणे १९८१ पासून स्वतंत्र मुख्य निरीक्षक आला. नेमणूक राजगादीच्या नावाने, पण नाव पुढे करणार मंत्री. आणि तुरुंगांचा कारभारही त्याच मंत्र्याकडे. गाठ बसली ती इथे.

१९८७ साली न्यायाधीश स्टीफन ट्युमिम या जागेवर आले. त्या वेळी कित्येक तुरुंगांत कोठडीत संडास नव्हता. एका माणसासाठी बांधलेल्या कोठडीत दोघे-तिघे कोंडलेले, रात्री एक बादली, आणि सकाळी ती ओतायला रांग. ट्युमिम यांनी हे अहवालात स्पष्ट लिहिले, पुन्हा पुन्हा लिहिले. एप्रिल १९९० मध्ये मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात कैद्यांनी बंड केले, ते २५ दिवस चालले. त्याच्या चौकशीत न्यायमूर्ती वुल्फ यांच्याबरोबर ट्युमिमही होते. बादलीची ती रीत अखेर १९९६ साली मोडली.

पण १९९५ साली ट्युमिम यांची मुदत संपली, तेव्हा ती वाढवून मिळाली नाही. गृहमंत्र्यांचे आडनावही हॉवर्डच होते, हा योगायोग! त्यांनी जागा दिली जनरल डेव्हिड रॅम्सबॉटम यांना. लष्करातला माणूस, शिस्तीचा, फार बोलणार नाही, असा कोणाचा अंदाज असेल तर तो चुकला. डिसेंबर १९९५ मध्ये लंडनच्या हॉलोवे या बायकांच्या तुरुंगातली घाण व उंदीर पाहून जनरलसाहेब तपासणी अर्ध्यावर टाकून आपल्या माणसांसह बाहेर पडले. ही गोष्ट देशभर झाली. २००१ साली त्यांनाही मुदतवाढ मिळाली नाही. मधल्या काळात सरकार दुसऱ्या पक्षाचे आले होते, हेही ध्यानात ठेवा.

२०१४ साली निक हार्डविक यांना सांगण्यात आले, की पुढे राहायचे असेल तर पुन्हा अर्ज करा. त्यांनी तो केला नाही. ज्याच्या कारभारावर टीका करायची, त्याच्याच दारात नोकरी मागायला कसे जायचे, असा त्यांचा सवाल होता.

आता मंत्र्याने पसंत केलेल्या माणसाला आधी पार्लमेंटच्या न्यायविषयक समितीपुढे बसावे लागते. सभासद उलटसुलट प्रश्न विचारतात आणि आपले मत जाहीर करतात. ते मत मंत्र्यावर बंधनकारक मात्र नाही. २०२० साली या वाटेने आले ते चार्ली टेलर, एका खास मुलांच्या शाळेचे एके काळचे हेडमास्तर.