हळद, पाणी आणि हरिपूरची पेवे

१/५
इ.स. १८१५. सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांची सत्ता होती. पेशवाईची अवघी तीन वर्षे उरली होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये व्होगेल आणि पेल्तिए यांनी हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे केले. आज ते ‘कर्क्युमिन’ म्हणून ओळखले जाते.

२/५
मीठ-साखर पाण्यात दिसेनाशी होते; हळद पाणी पिवळे करते, पण काही वेळाने तळाशी बसते. कारण कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात, तुपात आणि मद्यार्कात विरघळते. फोडणीच्या तेलात चिमूटभर हळद पडताच सारा रस्सा रंगतो, तो यामुळेच.

३/५
कृष्णाकाठच्या शेतकऱ्याने हा गुण प्रयोगशाळेविना हेरला होता. वाई-कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत काढणीनंतर हळद काहिलीत पाणी घालून शिजवली जाई. रंग पाण्यात उतरून जात नसे. उलट हळकुंडाच्या गाभ्यापर्यंत एकसारखा पसरे.

४/५
वाळलेली हळद भाव येईपर्यंत ठेवायची कुठे? कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरच्या घट्ट मातीत पेवे खणली गेली. तोंड बंद केले की आतला प्राणवायू घटे, कीड मरे आणि माल वर्षानुवर्षे टिके.

५/५
२००५च्या महापुरात पाणी या पेवांत शिरले. जे पाणी हळदीचा रंग विरघळवू शकत नव्हते, त्याने हळद कुजवली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. तोवर साठवण गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळली होती. नाव टिकले, ते टिकवणारी पेवे मात्र ओस पडत गेली.