गल्लीचे गटार कोणाचे?

इतिहास म्हटला की या व्यासपीठावर राज्यांचे उदयास्त यायचे. आज मी आपल्याला गटाराच्या इतिहासात नेणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. पण गटाराच्या काठी मात्र मी पुष्कळ वर्षे उभा राहिलेलो आहे.

हकीकत कराचीची आहे. १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यातच होता, तेव्हा हे शहर आपल्याला अगदीच परके नव्हे. त्याच्या वायव्य कडेला, उघड्या टेकड्यांच्या पायथ्याशी ओरंगी ही वसाहत आहे. १९६५ च्या सुमारास सरकारने तेथे काही भूखंड पाडले. १९७१ च्या युद्धानंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले आणि दलालांनी उरलेली जमीन परस्पर तुकडे करून विकली. घरे उठली, पण मैला आणि सांडपाणी जायला वाट नव्हती. टोपल्यांचे संडास गल्लीतच रिकामे होत. ज्याला परवडे तो शोषखड्डा खणी, आणि तोही काही वर्षांत भरून जाई.

१९८० साली तेथे अख्तर हमीद खान आले. हा माणूस मूळचा आग्र्याकडचा. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४५ साली, त्यांनी आय.सी.एस.ची नोकरी सोडली आणि अलीगढजवळच्या एका खेड्यात मजुरी व कुलपे करण्याचे काम केले. पुढे कोमिल्ला येथील ग्रामविकासाच्या कार्याने त्यांचे नाव झाले. ओरंगीत त्यांनी आधी काहीच केले नाही. गल्लोगल्ली हिंडून नुसते ऐकले. लोक म्हणत, गटार हवे. पण ते सरकारने फुकट बांधून दिले पाहिजे.

हे वाचताना मी थबकलो, कारण हेच वाक्य मी स्वतः कितीतरी निवेदनांत लिहिले होते. कामगारांच्या एका वस्तीसाठी आम्ही सात वर्षे मोर्चे काढले. अखेर गटार मिळाले, आणि पहिल्याच पावसात कळले की त्याचा उतार उलटा आहे! पाणी घराकडे येऊ लागले. काम चालू असताना आमच्यापैकी एकानेही ओळंबा-लेव्हल हातात घेतली नव्हती.

ओरंगीत कामाचे चार भाग मानले गेले : घरातला संडास, गल्लीतले गटार, अनेक गल्ल्यांचे पाणी नेणारे जोडगटार, आणि शेवटी मुख्य नाला व शुद्धीकरण. पहिले तीन लोकांनी आपल्या पैशाने करायचे, चौथा सरकारने. गल्ली म्हणजे वीस-तीस घरे. त्यांनी आपल्यातून एक प्रमुख निवडायचा. वर्गणी तोच जमवी. संस्था पैशाला शिवत नसे. ती नकाशा, अंदाजपत्रक, हत्यारे आणि साचे देई. घर आणि गटार यांच्यामध्ये एक लहानशी हौदी असे. जड घाण तीत बसे आणि नळ तुंबत नसे. कंत्राटदाराचा नफा आणि साहेबांची टक्केवारी वगळल्यावर खर्च घरटी हजार रुपयांच्या आसपास आला, सरकारी दराच्या एका लहान हिश्शाइतका.

आरंभी कामे फसलीही. सिमेंटचे प्रमाण चुकले, काँक्रीटवर पाणी मारायचे राहिले, भिंती ढासळल्या. मग पुन्हा बैठका, पुन्हा शिकवणी. पुढे नव्वद हजारांहून अधिक घरे या गटारांना जोडली गेली.

माझ्यातला युनियनवाला येथे आक्षेप घेतोच. बंगलेवाल्याला कोणी दारापुढचे गटार खणायला सांगत नाही. मग गरिबानेच दोनदा का द्यावे, एकदा कर म्हणून आणि एकदा वर्गणी म्हणून? हा आक्षेप खोटा नाही, आणि 'स्वावलंबना'च्या नावाखाली हात झटकणारी सरकारे आपण पाहिली आहेत. तरी माझे मत बदलले ते चौथ्या भागामुळे. तो त्यांनी सरकारला माफ केला नाही. परवीन रहमान या वास्तुविशारद बाईंनी तरुणांच्या मदतीने नाल्यांचे नकाशे काढविले. त्यातून दिसले की शहराचे सांडपाणी नैसर्गिक नाल्यांतूनच वाहते आहे. कागदावरच्या महागड्या वाहिन्यांना ते जोडलेलेच नाही. मग मागणी झाली की हे नालेच बांधून घ्या. १९९९ साली कोरंगी भागाच्या सांडपाणी योजनेचे आशियाई विकास बँकेचे कर्ज रद्द झाले, त्यामागे या मंडळींनी मांडलेला स्वस्त पर्याय होता. आमच्या सात वर्षांच्या निवेदनांना असा एकही नकाशा जोडलेला नव्हता.

शुद्धीकरण मात्र मागेच राहिले. गल्ल्या कोरड्या झाल्या, पण कराचीचा बहुतेक मैला तसाच अरबी समुद्राला मिळत राहिला. ज्याला सरकारचा भाग म्हटले, तोच अपुरा राहिला.

खान १९९९ मध्ये वारले. परवीनबाई अतिक्रमण केलेल्या जमिनींच्याही नोंदी ठेवीत असत. १३ मार्च २०१३ रोजी त्यांचा गोळ्या घालून खून झाला. ऑगस्ट २०२० मध्ये कराची पावसाने बुडाली, आणि दुसऱ्या वर्षी सरकारने नाले रुंद करण्यासाठी ओरंगी व गुज्जर नाल्यांच्या काठची हजारो घरे पाडली. चाळीस वर्षे ज्या नाल्याची वाट लोकांनी पाहिली, तो बांधायला यंत्रे आली ती अशी.