सायकलचा रडार दिवा

सायकलचा रडार दिवा हे सायकलच्या मागील बाजूस, साधारणपणे बैठकीच्या दांड्यावर बसवले जाणारे सुरक्षा उपकरण आहे. यात लाल मागील दिवा व सूक्ष्मतरंगांवर चालणारा लहान रडार एकत्र असतो. मागून येणारे वाहन सुमारे १४० मीटर अंतरावर असताना रडार त्याची नोंद घेतो आणि हँडलवरील संगणकावर, घड्याळावर किंवा भ्रमणध्वनीवर सायकलस्वाराला इशारा देतो. काही प्रतिमानांत याच आवरणात चित्रीकरण करणारा कॅमेराही असतो. त्यांना कॅमेरायुक्त रडार दिवा म्हणतात. रडारमुळे सायकलस्वाराला पूर्वसूचना मिळते, दिव्यामुळे मागील वाहनचालकाला सायकल दिसते आणि कॅमेऱ्यामुळे घडलेल्या प्रसंगाची नोंद राहते.

पार्श्वभूमी

सायकलला मोटारीप्रमाणे संरक्षक सांगाडा नसतो. मागून येणारे वाहन पाहण्यासाठी सायकलस्वाराला मान वळवावी लागते आणि त्या क्षणी त्याचे पुढील रस्त्यावरचे लक्ष सुटते. अनेकदा सायकलही किंचित बाजूला सरकते. हँडलवरील आरशाने ही अडचण अंशतः दूर होते. मात्र हादरणाऱ्या आरशात अंतर व वेग यांचा अंदाज नीट येत नाही आणि रात्री केवळ प्रकाशझोत दिसतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. मृतांमध्ये सायकलस्वारांचे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. सर्व प्रकारच्या वाहनांचा एकत्रित विचार करता मागून धडक बसल्याने होणारे अपघात एकूण अपघातांच्या सुमारे एकपंचमांश आहेत.

इतिहास

कमी तरंगलांबीच्या विद्युतचुंबकीय तरंगांवरील आरंभीचे प्रयोग जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कोलकात्यात केले. तरंगांच्या परावर्तनाने दूरची वस्तू ओळखणाऱ्या यंत्राचे एकस्व जर्मन अभियंता क्रिस्तियान ह्युल्समायर यांनी १९०४ मध्ये घेतले. दुसऱ्या महायुद्धात रडारचा झपाट्याने विकास झाला. पुढे अर्धवाहक चिपांच्या प्रगतीमुळे प्रक्षेपक, ग्राही व अँटेना तळहातावर मावतील एवढ्या लहान झाल्या. प्रथम मोटारींत व नंतर सायकलींवर त्यांचा वापर सुरू झाला.

सायकलसाठीचा रडार दक्षिण आफ्रिकेतील आयकुबू या कंपनीने 'बॅकट्रॅकर' या नावाने विकसित केला. जानेवारी २०१५ मध्ये गार्मिन कंपनीने आयकुबू विकत घेतली आणि त्याच वर्षी 'व्हारिया' या नावाने पहिला रडार दिवा बाजारात आणला. २०१८ व २०२० मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या.

कॅमेरा व मागील दिवा एकत्र करण्याची कल्पना स्वतंत्रपणे पुढे आली होती. ऑस्ट्रेलियातील सायक्लिक या कंपनीने २०१४ मध्ये लोकवर्गणीतून 'फ्लाय ६' हे उपकरण तयार केले. त्यात रडार नव्हता. मे २०२२ मध्ये गार्मिनने 'व्हारिया आरसीटी ७१५' सादर केले. त्यात रडार, दिवा व कॅमेरा हे तिन्ही घटक एका आवरणात होते. २०२० च्या दशकात ब्रायटन, मॅजीन, वाहू व ट्रेक या कंपन्यांनीही रडार दिवे बाजारात आणले.

रचना व कार्यपद्धती

*रडार*

बहुतेक रडार दिवे २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतेवर चालतात. २४ ते २४.२५ गिगाहर्ट्झ हा पट्टा औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय वापरासाठी आंतरराष्ट्रीय स्तरावर राखीव आहे. या तरंगांची लांबी सुमारे १२.५ मिलिमीटर असल्याने अँटेना लहान ठेवता येते.

वाहनावर आदळून परतणाऱ्या तरंगांची वारंवारता वाहनाच्या सापेक्ष वेगानुसार बदलते. या बदलाला डॉप्लर परिणाम म्हणतात. २४ गिगाहर्ट्झवर दर सेकंदाला एक मीटर एवढ्या सापेक्ष वेगामागे हा बदल १६० हर्ट्झ असतो. सायकल ताशी २० किमी व मागील ट्रक ताशी ८० किमी वेगाने जात असल्यास सापेक्ष वेग ताशी ६० किमी, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर होतो आणि वारंवारतेतील बदल सुमारे २,६७० हर्ट्झ येतो. अंतर मोजण्यासाठी प्रक्षेपित तरंगांची वारंवारता क्रमाने बदलत ठेवली जाते व परतलेल्या तरंगाशी तिची तुलना केली जाते.

वरील उदाहरणात ट्रक १४० मीटरवर असताना इशारा मिळाल्यास तो सायकलजवळ पोहोचण्यापूर्वी सुमारे ८.४ सेकंद मिळतात. सापेक्ष वेग ताशी ४० किमी असल्यास हा अवधी १२.६ सेकंद, तर ताशी ८० किमी असल्यास ६.३ सेकंद असतो. खड्डा चुकवण्यासाठी उजवीकडे वळण्याचा विचार सोडून देणे, कडेला येणे किंवा थांबणे यांसाठी हा वेळ उपयोगी पडतो.

*इशारा*

रडारकडून मिळालेली माहिती 'अँट प्लस' किंवा ब्लूटूथ या बिनतारी पद्धतींनी पडद्याकडे पाठवली जाते. पडद्याच्या कडेला प्रत्येक वाहनासाठी एक ठिपका दिसतो व वाहन जवळ येते तसा तो वर सरकतो. गार्मिनच्या उपकरणांत एका वेळी आठ वाहनांपर्यंत माहिती दाखवली जाते. पिवळसर रंग वाहन येत असल्याचे, लाल रंग ते वेगाने येत असल्याचे व हिरवा रंग मागे वाहन नसल्याचे दर्शवतो. सोबत आवाज किंवा कंपन असते. वाहन जवळ येताच मागील दिव्याची उघडझाप किंवा तीव्रता बदलून चालकाचे लक्ष वेधण्याची सोयही असते.

*कॅमेरा*

कॅमेरा मेमरी कार्डावर सतत चित्रीकरण करतो व जागा संपल्यावर सर्वांत जुने चित्रीकरण पुसून नवे साठवतो. उपकरणातील त्वरणमापकाला धक्का किंवा पडणे जाणवल्यास त्या प्रसंगाआधीचे, प्रसंगाचे व नंतरचे चित्रीकरण वेगळे जतन केले जाते, त्यामुळे ते पुसले जात नाही. चित्रीकरणामुळे विजेचा वापर वाढतो. 'आरसीटी ७१५' मध्ये चित्रीकरण सुरू असताना विजेरी सुमारे ४ ते ६ तास चालते.

मर्यादा

* रडार वाहनाचे अंतर व सापेक्ष वेग सांगतो. वाहन सायकलच्या किती जवळून जाईल हे सांगत नाही. सुरक्षित अंतर सोडून जाणारे व अगदी घासून जाणारे वाहन पडद्यावर सारखेच दिसते.
* सायकलच्या वेगानेच मागे येणारे वाहन नोंदवले जाईलच असे नाही, कारण त्याचा सापेक्ष वेग शून्याच्या जवळ असतो.
* मोठ्या वाहनाच्या आड असलेले लहान वाहन झाकले जाऊ शकते. ट्रक पुढे गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असे मानणे धोक्याचे ठरते.
* घाटातील वळणांवर किंवा चढाच्या माथ्यावर रडारचे तरंग सरळ रेषेत जातात, त्यामुळे वळणापलीकडील वाहन उशिरा दिसते. ५० मीटरवरच वाहन दिसल्यास व सापेक्ष वेग ताशी ६० किमी असल्यास केवळ ३ सेकंद उरतात.
* दाट वाहतुकीत इशारे सतत वाजत राहतात व सायकलस्वार त्यांकडे दुर्लक्ष करू लागतो. समूहाने सायकल चालवताना मागील सायकलस्वारांमुळेही असे घडते.
* समोरून चुकीच्या बाजूने येणारी, बाजूच्या रस्त्याने अचानक शिरणारी किंवा पुढे उभी असलेली वाहने या उपकरणाच्या कक्षेबाहेर असतात.

इशारा न मिळणे याचा अर्थ मागे वाहन नाही असा होत नाही. म्हणून वळण्यापूर्वी मागे पाहणे रडार असतानाही आवश्यक असते.

पुणे–बंगळूर महामार्ग व उंब्रज परिसर

सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यात, तारळी व कृष्णा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले उंब्रज हे बाजारपेठेचे गाव पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर सातारा व कराड यांच्या दरम्यान आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणून ओळखला जाणारा हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ४८ चा भाग आहे. उंब्रजहून पश्चिमेस चाफळ व पाटणकडे, तर पूर्वेस मसूरकडे रस्ते जातात. यामुळे लांब पल्ल्याची अवजड वाहने, एसटी बसगाड्या, दुचाकी, शेतीची वाहने व सायकली एकाच परिसरात एकत्र येतात. मुंबई–पुणे यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्गावर सायकलींना प्रवेश नाही; उंब्रजसारख्या गावांत मात्र महामार्ग किंवा त्यालगतचा सेवा रस्ता हाच शाळा, शेत व बाजार यांना जोडणारा रस्ता असतो.

हा परिसर ऊस पिकवणारा आहे. कराड तालुक्यातील यशवंतनगर येथे सह्याद्री सहकारी साखर कारखाना आहे. हिवाळ्यातील गाळप हंगामात ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या व बैलगाड्या रात्रीही रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या बाहेर आलेल्या उसामुळे मागील दिवे व परावर्तक झाकले जातात. अशा वाहतुकीत रडार दिव्याची उपयुक्तता व मर्यादा दोन्ही दिसतात. मागून वेगाने येणारा ट्रक किंवा मोटार रडार ओळखतो. पण सायकलच्याच संथ वेगाने मागे येणाऱ्या भरलेल्या ट्रॉलीची सूचना मिळेलच असे नाही. पुढे अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीसाठी चांगला पुढील दिवा हाच उपाय आहे.

पुण्याहून गोव्याला जाणारी, सुमारे ६४३ किमी अंतराची 'डेक्कन क्लिफहँगर' ही सायकल शर्यत सातारा व कोल्हापूर भागातून जाते. अशा शर्यतींत व दीर्घ पल्ल्याच्या मोहिमांत रात्रभर सायकल चालवावी लागते. तिथे मागील दिवा व परावर्तक पोशाख यांना विशेष महत्त्व असते.

किंमत व पर्याय

'आरसीटी ७१५' ची अमेरिकेतील आरंभीची किंमत सुमारे ४०० डॉलर होती. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमांतर्गत निवडक तालुक्यांतील इयत्ता ८वी ते १२वीच्या गरजू मुलींना सायकल खरेदीसाठी दिले जाणारे अनुदान २०२२ मध्ये ५,००० रुपये करण्यात आले. म्हणजे एका कॅमेरायुक्त रडार दिव्याच्या किमतीत अनेक सायकली येतात. शाळेला जाणारे विद्यार्थी, शेतमजूर व फेरीवाले हे सायकलीचे नित्य वापरकर्ते या उपकरणाच्या बाजारपेठेबाहेर राहतात.

त्यांच्यासाठी साधा लाल दिवा, परावर्तक व परावर्तक पट्टी हे स्वस्त उपाय उपलब्ध आहेत. परावर्तकाला वीज लागत नाही. मात्र वाहनाचा प्रकाशझोत त्यावर पडल्याशिवाय तो दिसत नाही. सायकलींवरील परावर्तकांच्या गुणवत्तेबाबत केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. पायडलवरील परावर्तक खालीवर हलत असल्याने पुढे सायकल आहे हे चालकाला लवकर कळते.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत पायडलची सायकल येत नाही. मात्र सायकलस्वाराला धडक देणाऱ्या मोटार वाहनाला हा अधिनियम लागू होतो. कलम १३४ नुसार अपघातातील जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांना कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे.

धडक देऊन वाहन पळून गेल्यास व त्याची ओळख न पटल्यास कलम १६१ खालील योजनेतून भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूसाठी २ लाख रुपये व गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये आहे. वाहनाची ओळख पटल्यास वाहनाच्या त्रयस्थ पक्ष विम्यातून भरपाई मागण्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. तिथे मृताचे उत्पन्न, वय व अवलंबित यांचा विचार होतो व रक्कम कितीतरी अधिक असू शकते. त्यामुळे वाहनाचा क्रमांक टिपणारे चित्रीकरण जखमीच्या व मृताच्या कुटुंबाच्या दृष्टीने निर्णायक ठरू शकते.

असे चित्रीकरण इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून सादर करण्याच्या अटी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये आहेत. त्यापूर्वी भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ चे कलम ६५ब लागू होते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी असा निर्णय दिला की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना विहित प्रमाणपत्र बंधनकारक आहे; मूळ उपकरणच न्यायालयात सादर केल्यास त्याची गरज नाही. म्हणून अपघातानंतर मूळ मेमरी कार्ड बदल न करता जपून ठेवणे महत्त्वाचे असते. सतत चित्रीकरण चालू राहिल्यास जुना भाग पुसला जाण्याचा धोका असतो.

इतर देशांत नियम भिन्न आहेत. जर्मनीत सायकलच्या मागील दिव्याची उघडझाप करण्यास परवानगी नाही, त्यामुळे तेथे रडार दिव्यांची वेगळी प्रतिमाने विकली जातात. वाहनावरील कॅमेऱ्याने सतत चित्रीकरण करणे तेथील विदा संरक्षण नियमांशी विसंगत असले तरी असे चित्रीकरण दिवाणी खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरता येते, असा निर्णय जर्मन संघीय न्यायालयाने मे २०१८ मध्ये दिला. ब्रिटनमध्ये अनेक पोलीस दले नागरिकांनी पाठवलेले चित्रीकरण स्वीकारतात. भारतातील डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या विदा प्रक्रियेला लागू होत नाही.

हे सुद्धा पहा

* रडार
* डॉप्लर परिणाम
* परावर्तक
* राष्ट्रीय महामार्ग ४८
* उंब्रज