नाकारलेला व्हिसा आणि रिटची हद्द

न्यायिक पुनर्विलोकन म्हणजे अपील नव्हे. अपिलात वरिष्ठ न्यायालय प्रकरणाचे गुणदोष तपासून स्वतःचा निर्णय देऊ शकते, तर पुनर्विलोकनात अधिकाऱ्याने कायद्याच्या मर्यादेत राहून आणि सुसंगत कारणांनी निर्णय घेतला की नाही एवढेच पाहिले जाते, व तसे नसल्यास तो निर्णय रद्द करून फेरविचारासाठी परत पाठवला जातो. ठाणे-कल्याण परिसरातील नागरिकाच्या परदेशी पतीला वा पत्नीला भारताचा व्हिसा नाकारला गेल्यास ज्या रिट याचिकेचा आधार घेतला जातो, तिचे मूळ या तपासणीत आहे.

रिट, म्हणजे संविधानाच्या मराठी परिभाषेतील प्राधिलेख, हे इंग्लंडच्या राजाच्या नावाने निघणारे आज्ञापत्र होते. कनिष्ठ न्यायालयाचे दप्तर मागवून सदोष निर्णय रद्द करणाऱ्या रिटला सर्शिओराराय म्हणत. १८२३ च्या सनदेने मुंबईत सुप्रीम कोर्ट स्थापन झाले आणि इंग्लंडमधील रिटांची परंपरा येथे आली. पण तिची हद्द कोठवर, हा वाद लवकरच पेटला. १८२८ मध्ये पुण्यातील मोरो रघुनाथ या मुलाला आणि ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश या कैद्याला न्यायालयापुढे हजर करण्यासाठी हेबियस कॉर्पसची रिटे निघाली. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी पुण्याच्या प्रकरणात अंमलबजावणीस नकार दिला, तेव्हा न्यायपीठावर एकटेच उरलेले न्यायमूर्ती जॉन पीटर ग्रँट यांनी १ एप्रिल १८२९ रोजी न्यायालयाचे कामकाजच बंद केले. त्याच वर्षी लंडनमधील प्रिव्ही कौन्सिल या अंतिम अपील न्यायालयाने दोन्ही रिटे गैर ठरवली. मुंबई बेटाला अगदी लागून असलेले ठाणे अशा रीतीने हद्दीबाहेर राहिले.

१८६२ मध्ये उच्च न्यायालय आले तरी ही रेषा पुरती पुसली गेली नाही. १९४३ च्या पार्लाकिमेडी प्रकरणातही प्रिव्ही कौन्सिलने सर्शिओरारायचा अधिकार मुख्यतः मुंबईसारख्या इलाखा-शहरांपुरताच मानला. ती रेषा संविधानाने मोडली. २६ जानेवारी १९५० पासून अनुच्छेद २२६ नुसार मुंबई उच्च न्यायालयाचे रिट ठाणे-कल्याणलाही तितकेच लागू झाले. तरीही दिल्लीत बसलेले केंद्र शासन त्याच्या आवाक्याबाहेरच मानले जाई. वादाचे कारण पूर्णतः वा अंशतः जेथे उद्भवले, तेथील उच्च न्यायालयात जाण्याची मुभा १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने दिली. व्हिसाच्या दृष्टीने हीच खरी कलाटणी होती, कारण तो निर्णय केंद्राचा असतो.

डोंबिवलीच्या रहिवाशाने परदेशी व्यक्तीशी विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली विवाह करायचा झाल्यास नियोजित विवाहाची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावे लागते. एवढे करून हाती आलेले प्रमाणपत्र विवाह सिद्ध करते, प्रवेशाचा हक्क मात्र देत नाही. परदेशी व्यक्तीला भारतात राहण्याचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर प्रकरणात १९५५ मध्येच म्हटले. त्यामुळे याचिकेचा भर मनमानी आणि कार्यपद्धतीतील अन्याय यांवर द्यावा लागतो. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने न्याय्य कार्यपद्धतीची अपेक्षा बळकट केली, हा त्यातला मोठा आधार आहे. मात्र या साऱ्यात घरी वाट पाहणाऱ्या भारतीय जोडीदाराच्या सहजीवनाला पुरेसे वजन मिळत नाही, ही या कायद्याची गंभीर उणीव मानली पाहिजे.

उलट, भारतीय जोडीदाराला परदेशी दूतावासाने दिलेल्या नकारावर मुंबईचे रिट चालत नाही. तेथे त्या त्या देशाचाच कायदा पाहावा लागतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मुन्योझ प्रकरणात, पतीच्या व्हिसानकाराला आव्हान देण्याचा घटनात्मक हक्क नागरिक पत्नीला नाकारला. ब्रिटनमध्ये पुनर्विलोकनाचा अर्ज विनाविलंब आणि फार तर तीन महिन्यांत करावा लागतो, तर ऑस्ट्रेलियात लवादाच्या निर्णयानंतर न्यायालयात जाण्यास साधारणतः ३५ दिवस मिळतात. म्हणून नकाराचे पत्र हाती पडताच त्यावरील दिनांक, नकाराचे कारण आणि अपिलाची सोय या तीन गोष्टी आधी तपासाव्यात.