दवाखान्याचा उंबरठा

यकृताचा कर्करोग बराच काळ मुका राहतो. ज्याच्या गाठी पैसा आहे, त्याला तो तपासणीत वेळेवर सापडण्याचा संभव असतो. हमालाची व त्याची पहिली भेट बहुधा मध्यरात्री, रक्ताच्या उलटीतच होते. भोकरच्या अडतीवरील एका सोबत्याला आम्ही अशाच रात्री जीपमध्ये घालून सुमारे 50 किलोमीटरवरील नांदेडला नेले. पहिल्या खाजगी दवाखान्याने नाडी पाहण्याआधी अनामत रक्कम मागितली. ती जमविण्यात पाऊण तास गेला. सोबती आठ दिवसांनी वारला. त्या पाऊण तासाने तो वाचला असता असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो वेळ त्याचा होता, तो आम्ही नोटा मोजण्यात घालविला.

हा उंबरठा जुना आहे. 1929 साली काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यावयास तयार होईना. अखेर तिला वस्तीबाहेर आणविले, तेव्हा त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले. त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने पत्नीला. निदान फुफ्फुसदाहाचे झाले. डॉक्टर पुन्हा आला नाही, बाई दगावली. शिक्षकाचे ते पत्र ‘यंग इंडिया’त छापून आले आणि पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवले.

घटना आली, अस्पृश्यता कायद्याने गेली. तरी 8 जुलै 1992 रोजी बंगालमधील शेतमजूर हकीम शेख आगगाडीतून पडला, डोक्याला जबर मार लागला, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठविले. कोठे साधने नव्हती, कोठे खाट नव्हती. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे 17,000 रुपये मोजावे लागले. त्याची खेतमजूर समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे जगण्याचा हक्क नाकारणे होय, असा निकाल 1996 साली लागला. तो मजुरांच्या संघटनेने मिळविला, हे आम्ही अभिमानाने सांगतो.

त्यानंतर दारे थोडी किलकिली झाली. 2006 साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठरल्या. 2012 साली जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. 2014 पासून 108 ची गाडी धावू लागली.

आणि तरीही 2023 च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 जीव गेले; त्यांत 12 नवजात बालके होती. अनेक रुग्ण अखेरच्या अवस्थेत आले, असे प्रशासनाने सांगितले. असेलही. पण गरीब अखेरच्या अवस्थेतच का येतो, हाच तर आमचा प्रश्न आहे.

थर्मामीटर आता हातोहात फिरत नाही. त्याची जागा पैशाच्या पावतीने घेतली आहे. आधी नाडी, मग पावती, एवढा क्रम पाळला जावा. तो पाळला जातो की नाही, हे पाहणे आपणा सर्वांचे काम आहे.